आराखड्याला प्रश्न विचारणारं सॉफ्टवेअर

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत ‘स्लाइप्नर ए’ या सागरी वायूफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी हळूहळू पाण्यात बुडवला जात होता. आत २४ पोकळ कोठ्या होत्या. सुमारे ६५ मीटर खोलीवर एक भिंत फाटली, आत शिरणारं पाणी पंपांना आवरेना, आणि अख्खा पाया खाडीच्या तळाशी जाऊन आदळला. त्या हादऱ्याची नोंद भूकंपमापकावर ३ रिश्टर इतकी झाली. माणसं वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं.

आराखडा संगणकावर तपासलेला होता. अशा तपासणीत रचनेचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण काढतात. तीन कोठ्या एकमेकींना भिडतात तिथे उरणाऱ्या त्रिकोणी पोकळीत समुद्राचं पाणी भरणार होतं. नेमक्या त्याच जागी हे तुकडे मोठे आणि वेडेवाकडे धरले गेले. भिंतीला कातरू पाहणारा ताण, म्हणजे शिअर, ४७ टक्के कमी दिसला. भिंत पातळ राहिली, सळयाही आखूड पडल्या. खरं तर हिशोब साधा होता. ६५ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे ६५ टन दाब असतो. भिंतीचा तेवढा भाग दोन्ही टोकांना टेकलेली तुळई समजला, तर टोकाशी निम्मा भार येतो. कागदावर चार ओळी मांडल्या असत्या, तर संगणकाचा आकडा खटकला असता.

मुरलेला अभियंता हेच करतो. आकडा कितीही दशांशांपर्यंत आला तरी तो आधी विचारतो, ‘हे शक्य आहे का?’ हा प्रश्न सॉफ्टवेअरला विचारायला शिकवता येईल का, यावर १९७०च्या दशकापासून काम चाललं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात जिवाणूसंसर्गावर सल्ला देणारा ‘मायसिन’ नावाचा प्रोग्रॅम होता. त्यातलं वैद्यकाचं ज्ञान बाजूला काढलं, तर्क करणारा सांगाडा तेवढा ठेवला आणि त्यात रचनाशास्त्राचे ‘जर असं, तर तसं’ नियम भरले. त्यातून ‘सॅकॉन’ तयार झाला. विमानाचा पंख असो वा पूल, साहित्य कोणतं, भार कसा, आकार कसा, हे विचारून तो कोणत्या पद्धतीने विश्लेषण करावं ते सुचवायचा. मला त्याचा सर्वांत मोलाचा गुण वाटतो तो वेगळाच: ‘हे का विचारतोस?’ असं विचारलं की तो आपला नियम दाखवायचा. कारण सांगू शकणाऱ्या तपासनिसाशी वाद घालता येतो, आणि त्याची चूक दुरुस्तही करता येते.

आपल्याकडे याच घराण्यातलं सॉफ्टवेअर नगररचनेत रुळलं आहे. पुण्यात तयार झालेलं ‘ऑटोडीसीआर’ इमारतीचा नकाशा वाचून सामासिक अंतरं, चटईक्षेत्र, जिन्याची रुंदी नियमावलीशी ताडून पाहतं. माणसाचे तास वाचतात, नजरचुका सापडतात. पण हे नियम आधीच लिहिलेले असतात. खरी कसोटी लागते ती साइटवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान बाहेर काढताना. त्याला ‘इथे गडबड आहे’ हे चटकन कळतं. कशावरून कळलं, ते मात्र तासन्‌तास बोलल्यावर हाती लागतं.

लिहिलेल्या नियमालाही कारण जोडलेलं हवं. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १३९२० नुसार, कॉलमच्या रिंगांचे हुक १३५ अंशांत आत वळवायचे असतात. हुक ९० अंशांचा असेल, तर धक्क्याने बाहेरचं काँक्रीट गळून पडताच तो उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. तपासणारं सॉफ्टवेअर ‘हुक चुकीचा’ एवढंच म्हणालं, तर ड्राफ्ट्समन कोन बदलून मोकळा होईल. हुक वळवणारा फिटर तर ते सॉफ्टवेअर कधी पाहतही नाही. पाना हातात धरून १३५ अंशांपर्यंत वाकवणं त्याला जास्त कष्टाचं असतं. म्हणून सॉफ्टवेअरने दिलेलं हे कारण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मराठीत आणि हिंदीत, छोट्या चित्रासह छापलं जायला हवं.