"समजलं ना?" नको, "आता तू सांग" म्हणा!

(या भागात जे बोललो तेच जरा नीटनेटकं करून इथे लिहिलंय. हेडफोन हाताशी नसतील तर वाचा.)

आजचा भाग बारावी सायन्सवाल्यांसाठी. केमिस्ट्रीची १६ प्रकरणं, ३ तासांचा ७० मार्कांचा पेपर, वर ३० मार्कांचं प्रॅक्टिकल. एकट्याने उरकत नाही म्हणून आपण मित्र मिळून बसतो. त्या मिळून बसण्याबद्दलच आज बोलूया, कारण मी त्यात एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय.

आम्ही चौघं रोज संध्याकाळी एका मित्राच्या गच्चीवर बसायचो. त्यातला एक हुशार. तो समजवायचा, आम्ही माना डोलवायचो. प्रत्येक टॉपिक संपला की तो विचारायचा, "समजलं ना?" आम्ही एका सुरात, "हो!" आणि खोटं बोलत नव्हतो हां, खरंच समजलंय असं वाटायचं. प्रिलिमचा निकाल लागला. त्याला ६१, मला २९. बाकीचे दोघं माझ्याच आसपास.

गच्ची तीच, पुस्तक तेच, मग एवढा फरक का? कारण महिनाभर रिव्हिजन फक्त त्याचीच होत होती. बोलत तोच होता ना!

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तो छापला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल ते कागदावर लिहिलं. ५ मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे डोक्यात घालण्याइतकंच डोक्यातून बाहेर काढणंही महत्त्वाचं. आणि मित्र त्यासाठीच हवा.

प्रिलिमनंतर आम्ही "समजलं ना?" बंद केलं. त्याऐवजी "आता तू सांग". पहिल्याच दिवशी माझी विकेट गेली.

"गॅल्व्हॅनिक सेलमध्ये अ‍ॅनोड कसा?"
"निगेटिव्ह."
"आणि इलेक्ट्रोलिसिसमध्ये?"
"पॉझिटिव्ह."
"का?"

बत्ती गुल! पाठ होतं, पण कारण माहीत नव्हतं. मित्राने उत्तर दिलं नाही. एवढंच म्हणाला, "डॅनियल सेलमध्ये झिंक काय करतो, तिथून सुरू कर." मग अडखळत सांगत गेलो. अ‍ॅनोड म्हणजे जिथे ऑक्सिडेशन होतं ती जागा, दोन्हीकडे. डॅनियल सेलमध्ये झिंक स्वतःहून इलेक्ट्रॉन सोडतो, ते त्याच्या पट्टीवर राहतात, म्हणून ती निगेटिव्ह. इलेक्ट्रोलिसिसमध्ये बाहेरची बॅटरी अ‍ॅनोडमधून इलेक्ट्रॉन खेचून घेते, म्हणून तो पॉझिटिव्ह. चिन्ह बदललं, काम तेच. हे मी आजतागायत विसरलो नाही, कारण ते माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं.

मग आमचे तीन नियम ठरले.

पहिला: ज्याला सगळ्यात कमी येतं त्याने आधी सांगायचं. हसायचं नाही. अडला तर हिंट द्यायची, उत्तर नाही.

दुसरा: तोंडी झालं की कागदावर. फिनॉल हा इथेनॉलपेक्षा जास्त अ‍ॅसिडिक का? "रेझोनन्स" म्हणून सुटायचं नाही. फिनॉक्साइडचा निगेटिव्ह चार्ज रिंगवर कसा पसरतो ते काढून दाखवायचं. इथॉक्साइडमध्ये तो रिंगअभावी ऑक्सिजनवरच अडकतो. इथे आमचा हुशार मित्रसुद्धा एकदा बाण चुकला. म्हणजे त्याचाही वेळ वाया जात नव्हता.

तिसरा: सगळ्यांचं एकमत झालं तरी पुस्तक उघडायचं. एकदा चौघांनी मिळून ठरवलं की फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनमध्ये कॉन्सन्ट्रेशन दुप्पट केलं की हाफ लाइफ वाढतं. पुस्तकात बघतो तर सूत्र ०.६९३ भागिले के. त्यात कॉन्सन्ट्रेशन आहेच कुठे? म्हणून तर ७५ टक्के रिअ‍ॅक्शन व्हायला बरोबर दोन हाफ लाइफ लागतात, सुरुवात कितीनेही करा. चार जणांनी मिळून केलेली चूक जास्त पक्की बसते, सांभाळा!

बोर्डात मला ५४ पडले. टॉपर नाही झालो, पण २९ वरून ५४ म्हणजे माझ्यासाठी दिवाळी होती. आजही ऑफिसमध्ये कोड अडला की शेजारच्याला समजवायला जातो, आणि निम्म्या वेळा बोलता बोलताच चूक सापडते.

तर आजचं काम: हा भाग संपला की एका मित्राला फोन लावा, पुस्तक बंद ठेवा आणि एकच टॉपिक ५ मिनिटं समजावून सांगा. जिथे "म्हणजे ते... असं असतं ना" सुरू होईल, तिथून उद्याचा अभ्यास.

भेटूया पुढच्या भागात. ऑल द बेस्ट!