खेळण्यांची छायाचित्रे आणि बौद्धिक संपदा : ‘बार्बी’ खटल्याच्या अनुषंगाने

बाजारातून विकत आणलेल्या बाहुलीचे छायाचित्र स्टॉक फोटोग्राफीच्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवल्यास निर्मात्याला हरकत घेता येईल काय? वस्तूची मालकी आणि तीतील कलाकृतीवरील प्रताधिकार या भिन्न बाबी होत. बाहुली ग्राहकाची होते. तिचा चेहरामोहरा निर्मात्याकडेच राहतो.

या संदर्भात अमेरिकेतील ‘मॅटेल विरुद्ध वॉकिंग माउंटन प्रॉडक्शन्स’ हा खटला महत्त्वाचा आहे. टॉम फोरसाइथ या छायाचित्रकाराने 1997 मध्ये बार्बी बाहुलीची 78 छायाचित्रे काढली. कुठे ती फोंड्यूच्या भांड्यात, तर कुठे मिक्सरमध्ये! स्त्रीसौंदर्याच्या रूढ कल्पनेवर आणि उपभोगवादावर टीका करणे, हा त्याचा उद्देश होता. मॅटेलने 1999 मध्ये दावा दाखल केला. या मालिकेतून फोरसाइथला मिळालेली एकूण रक्कम होती अवघी 3,659 डॉलर. त्यातही निम्मी तरी खरेदी मॅटेलच्याच तपासनिसांची होती. 2003 मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने हे विडंबन न्याय्य वापरात बसते, असा निर्णय दिला. व्यापारचिन्हासंबंधीचा दावाही टिकला नाही. 2004 मध्ये मॅटेलला प्रतिवादीच्या वकिली खर्चापोटी 18 लाखांहून अधिक डॉलर देण्याचा आदेश झाला.

तथापि, स्टॉक छायाचित्रकाराने या निर्णयावर विसंबणे धोक्याचे आहे. फोरसाइथला बाहुलीविषयी काही म्हणायचे होते. स्टॉक चित्र मुद्दामच मोघम ठेवलेले असते. त्याला अर्थ देतो तो विकत घेणारा, आणि तो बहुधा जाहिरातदार असतो. शिवाय वॉरहॉल प्रकरणातील 2023 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वापराच्या व्यावसायिक हेतूला अधिक वजन दिले आहे. म्हणूनच स्टॉक संस्था व्यावसायिक आणि संपादकीय वापर असा भेद करतात. ओळखू येणारे ब्रँडेड खेळणे बहुधा दुसऱ्याच वर्गात स्वीकारले जाते.

बोधचिन्ह पुसून टाकले की काम भागते, हा समज चुकीचा आहे. आकारही व्यापारचिन्ह असू शकतो. लेगोच्या विटेचा आकार तांत्रिक कार्यासाठी आवश्यक असल्याने युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये तिला हे संरक्षण नाकारले. लेगोच्या छोट्या मानवाकृतीची नोंदणी मात्र 2015 मध्ये कायम राहिली.

भारतात स्थिती काहीशी निराळी आहे. प्रताधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 15 नुसार, डिझाइन म्हणून नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या आकृतीच्या औद्योगिक प्रक्रियेने 50 हून अधिक प्रती निघाल्यास तिच्यातील प्रताधिकार संपतो. परिणामी निर्मात्याचा प्रताधिकाराचा दावा दुबळा होऊ शकतो. पण व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 चे कलम 29 शिल्लक राहतेच. कलम 52 मधील समीक्षेची सवलत बालसाहित्यावरील शोधनिबंधात छापलेल्या बाहुलीच्या छायाचित्राला उपयोगी पडू शकते. तेच छायाचित्र महाविद्यालयाच्या प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आले, तर ती जाहिरात ठरते आणि संपादकीय परवान्यावर घेतलेले चित्र तेथे चालत नाही.