गाव महापालिकेत गेले. दप्तर कुठे गेले?

दप्तर या शब्दाचे आपल्या वस्तीला दोन अर्थ ठाऊक आहेत. एक पोराच्या पाठीवरचे आणि दुसरे कुलकर्ण्याच्या घरातले. पहिले आपण झगडून मिळवले. दुसऱ्याला हात लावायची हिंमत मात्र आपली पदवीधर पिढीही सहसा करत नाही. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्याची लेखणी कुणब्याला कशी नागवते ते सविस्तर मांडले. पुढे कुलकर्णी वतन गेले, पगारी तलाठी आला, आणि २०२४ साली तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले. आमच्या चिखलीत लोक त्याला ‘भाऊसाहेब’च म्हणतात. नाव काहीही असो; कागद कुठे आहे, तो कोणत्या नावाने मागायचा आणि हाती आल्यावर कसा वाचायचा, एवढे ज्याला कळते त्याच्या दारात गाव येते. विहारात रविवारी येणाऱ्यांचे कागद मी वाचून देतो. त्यातून जे कळले ते इथे मांडतो.

चिखली इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदीच्या मध्ये. टाळगाव चिखली हे तिचे जुने नाव. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते याच नदीत बुडवली असे सांगतात. सावकारी घरातल्या माणसाने स्वतःचेच दप्तर बुडवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. १९९७ पर्यंत हे हवेली तालुक्यातले ग्रामपंचायतीचे गाव होते. त्या वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द वाढली आणि आसपासच्या गावांबरोबर चिखलीही शहरात गेली.

ग्रामपंचायत गेली म्हणून मला गळा काढायचा नाही. १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला बाबासाहेबांनी विरोध केला होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावगाड्याची लक्तरे पुन्हा वेशीवर टांगली. ग्रामसभेत आपली बाई उभी राहून बोलली की तिला खाली बसवणारे हात कोणाचे असत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण एक सोय होती. दप्तर एका कपाटात होते आणि ते कपाट चालत जाण्याच्या अंतरावर होते. गाव शहरात गेले आणि ते कपाट फुटले. आज चिखलीच्या एका कुटुंबाचा पूर्ण इतिहास जुळवायचा तर चार-पाच कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी ‘ते आमच्याकडे नाही’ हे उत्तर तयार असते. हे उत्तर पुष्कळदा खरेही असते. म्हणूनच कोणाकडे काय आहे ते आपल्यालाच माहीत हवे.

ग्रामपंचायतीचे दप्तर कायद्याने महापालिकेकडे येते. त्यात घरांच्या कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना ८, असते. लोक त्याला ‘आठचा उतारा’ म्हणतात. महसूल खात्याचा ‘आठ-अ’ हा वेगळा कागद आहे. तो शेतजमिनीच्या खात्याचा. या दोन आठांच्या घोळात माणसे महिनेन् महिने हेलपाटे घालतात. त्याच कपाटात ग्रामसभेची इतिवृत्ते असतात, आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो, त्याचा हिशेबही असतो. वस्तीत समाजमंदिर कोणत्या ठरावाने आले, नळ कोणत्या साली मंजूर झाला, मंजूर होऊनही का आला नाही, हे सगळे तिथे सापडते.

जमिनीचे दप्तर मात्र महापालिकेकडे गेलेले नाही. ते महसूल खात्याकडे, म्हणजे तलाठी आणि अपर तहसील कार्यालयाकडे आहे. मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख खात्याकडे. जी जमीन १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने घेतली, तिचे कागद प्राधिकरणाकडे होते. २०२१ साली प्राधिकरण विसर्जित झाले, त्याचा काही भाग महापालिकेत आणि काही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात गेला, आणि कागदांचीही तशीच वाटणी झाली. एका घरचे भाऊ वेगळे झाले की भांडी वाटली जातात तसे हे झाले आहे. परात एकाकडे, झाकण दुसऱ्याकडे.

आता आपल्याशी सर्वांत जवळच्या विषयाकडे येतो. तो म्हणजे वतन. देशावरच्या बहुतेक गावांत महार वतनाची जमीन होती. या वतनाने माणसाला जमिनीचा तुकडा देऊन पिढ्यान् पिढ्यांची वेठ कशी लादली, हे सांगत बाबासाहेबांनी १९२८ साली १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच कुलकर्णी आणि महार अशी दोन्ही वतने मोडली होती. मुंबई राज्यात कुलकर्णी वतन रद्द करणारा कायदा १९५० चा आणि कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. वेठीतून सुटायलाही आपला नंबर मागेच.

१९५८ च्या कायद्याने वतनाची जमीन सरकारजमा झाली, आणि कब्जेहक्काची ठरावीक रक्कम मुदतीत भरली तर ती वतनदारालाच परत मिळणार होती. या परत मिळण्याला पुनःप्रदान म्हणतात. अट अशी की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही. हीच ‘नवीन शर्त’, आणि सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. ज्यांना हे कोणी सांगितलेच नाही, किंवा ज्यांच्याकडे भरायला पैसे नव्हते, त्यांच्या जमिनीपुढे ‘सरकार’ हे नाव तसेच राहिले. पुढे कारखाने आले, रस्ते आले, जमिनीचे मोल शेकडो पटींनी वाढले, आणि साठ वर्षांपूर्वीच्या त्या एका नोंदीला सोन्याचा भाव आला. मुंढव्यातल्या महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहारावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये केवढा गदारोळ झाला ते वाचकांनी पाहिले आहे. वर्तमानपत्रांनी मोठी नावे छापली. मूळ वतनदारांच्या वारसांना त्यांच्या जमिनीचे कागद कधी कोणी वाचून दाखवले होते का, हा प्रश्न मात्र कमी लोकांनी विचारला.

तेव्हा सातबारा कसा वाचायचा ते सांगतो. माणसे उताऱ्यावर आपले नाव शोधतात, ते दिसले नाही की कागद घडी करून ठेवतात. नावापेक्षा वर्तुळातले आकडे महत्त्वाचे. प्रत्येक वर्तुळातला आकडा हा एका फेरफाराचा क्रमांक असतो. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमिनीवर कोणाचे नाव कधी, कोणत्या कारणाने चढले किंवा उतरले, ते तिथे लिहिलेले असते. आजच्या उताऱ्यावरचा सर्वांत जुना आकडा घ्यायचा, त्याची नक्कल काढायची, तीत त्याआधीच्या नोंदीचा माग मिळतो. तिथून पुन्हा मागे. असे मागे मागे जात वतन खालसा झाल्याच्या नोंदीपर्यंत पोचायचे. नाव कंसात टाकले असेल तर ते कोणत्या फेरफाराने टाकले ते पाहायचे. ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा. याखेरीज दोन कागद आवर्जून मागावेत. गाव नमुना १-क, ज्यात हस्तांतरणावर बंधन असलेल्या जमिनींची यादी असते. आणि गाव नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही. ही दोन नावे अर्जात अचूक लिहिली की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, असा माझा अनुभव आहे. अलीकडचे उतारे महाभूलेखवर घरबसल्या दिसतात. जुन्या हस्तलिखित फेरफारांसाठी अभिलेख कक्ष गाठावा लागतो. फार जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडीचे वर्ग पुराभिलेख खाते चालवते. आपल्या पोरापोरींनी ते करावेत. कुलकर्ण्याची लिपी आपल्या पोरीला वाचता आली, तर मला तो विद्यापीठाच्या नामांतराइतकाच आनंदाचा दिवस वाटेल.

जमीन नसलेल्यांनाही कागदाची गरज तितकीच आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा विचारला जातो. तो मिळण्याच्या जागा म्हणजे आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर आणि तहसीलमधले कोतवाल बुक, ज्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी जातीसह आहेत. यांत शाळेचा कागद मला अधिक भरवशाचा वाटतो. कार्यालये हलतात, फुटतात, जोडली जातात. जिल्हा परिषदेची शाळा महापालिकेची झाली तरी रजिस्टर बहुधा शाळेतच राहते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा पाहावेत. वडिलांकडच्या रक्ताच्या नातलगाचा कागद वंशावळीने जोडता येतो.

इथे एक अडचण आपल्याच पुढे गेलेल्या पावलातून आलेली आहे. जुन्या कागदावर ‘हिंदू महार’, बापाच्या कागदावर ‘नवबौद्ध’, मुलाच्या कागदावर ‘बौद्ध’. जुन्या नोंदीत ‘महारवाडा’, नव्या नोंदीत ‘भीमनगर’. धर्मांतरित बौद्धांना केंद्राने १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातीत घेतले, आणि वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्याने डिसेंबर २०२० मध्ये केला. दोन्ही गोष्टी रास्त होत्या. पण नाव बदलल्याचा ठराव जपून ठेवला नाही, तर टेबलामागचा माणूस म्हणतो, ‘मावशी, हा पत्ता वेगळा दिसतो.’ एका मावशींना याच कारणावरून तीनदा परत पाठवले होते. चौथ्या वेळी त्या ठरावाची प्रत घेऊन गेल्या आणि काम झाले. वस्तीचे नाव बदललेल्या प्रत्येक गावात त्या ठरावाची प्रत विहारात लावून ठेवावी.

घरांबाबत एक कडू गोष्ट स्पष्ट सांगतो. करपावती म्हणजे परवानगी नव्हे, आणि मालकीही नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर घेते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने हजारो पत्राशेड आणि गोदामे पाडली, तेव्हा लोकांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या आणि त्यांत करपावत्या, वीजबिले, स्टँपपेपरवरचे करारनामे. त्यांतला कोणताही कागद जेसीबीपुढे उभा राहू शकला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले चिखलीतले ३६ बंगलेही पाडले गेले. त्या घरांचे मालक आपल्यासारखे निरक्षर बापाचे लेक नव्हते. पूररेषेचा नकाशा मात्र सार्वजनिक कागद आहे. गुंठा-दोन गुंठे घेण्याआधी तो नकाशा, विकास आराखडा आणि सातबारा, तिन्ही पाहावेत. दलालाचा शब्द त्यानंतर ऐकावा.

हे सगळे मागायचे कसे? माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. अर्जाला १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, त्यावर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. ही अट जाचक आहे, पण तिने एक चांगली सवय लागते. ‘आमच्यावर अन्याय का झाला?’ असे अर्जात विचारू नये. त्याला उत्तर देणे कायद्याने बंधनकारक नाही. ‘अमुक गटाच्या अमुक फेरफाराची नक्कल द्यावी’ असे लिहावे. अन्यायाचे कारण त्या नकलेत सापडते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे तो योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचेच काम आहे. चार-पाच ठिकाणी विखुरलेल्या दप्तरासाठी हे कलम फार उपयोगी पडते. आणि नकला मागण्याआधी पाहणी मागावी. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. एकट्याने जाऊ नये. दोघे जावे, एकाने वाचावे, एकाने लिहावे.

‘अभिलेख सापडत नाही’ हे उत्तर आले तर घरी परतू नये. माहिती नाकारण्याची कारणे कायद्यात मोजून दिली आहेत आणि हरवणे हे त्यांत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच स्पष्ट केले. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ प्रमाणे अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा गुन्हा आहे. पत्रात या कायद्याचे नाव लिहून शोधाची चौकशी मागावी. पुष्कळदा कागद त्यानंतर सापडतो, तोही अगदी वरच्याच गठ्ठ्यात. एक नवी भिंत मात्र उभी राहिली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढे म्हणून लाभार्थ्यांच्या याद्याही झाकता येतील, अशी भीती आहे. अशा वेळी कलम ८(२) मधल्या व्यापक जनहिताचा आधार अर्जातच घ्यावा.

लोकप्रतिनिधीला विचारा, असे कोणी म्हणेल. १३ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षे विचारायला नगरसेवकच नव्हता. त्या चार वर्षांत आमच्या वस्तीची जी कामे झाली ती अर्जांनी झाली.

नदीपलीकडच्या मोई, निघोजे, कुरुळी या बाजूच्या कार्यकर्त्यांना एवढे सांगायचे आहे की चाकण परिसराच्या नव्या महापालिकेची चर्चा २०२५ पासून जोरात आहे. ती होईल तेव्हा होईल. त्याआधी आपल्या ग्रामपंचायतीतून वस्तीच्या प्रत्येक घराचा आठचा उतारा, वस्तीविषयीचे सर्व ठराव, गेल्या दहा वर्षांच्या १५ टक्के खर्चाचा हिशेब आणि जन्ममृत्यूच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती काढून घ्या. खर्च विहाराच्या वर्गणीतून करा. एक संच विहारात ठेवा आणि दुसरा वस्तीबाहेर, एखाद्या शिक्षकाच्या घरी, जिथे पाणी चढत नाही अशा माळ्यावर.