नासिर खान

मुलांनो, दिलीपकुमार हे नाव तुम्ही घरातील वडील मंडळींच्या तोंडून नक्कीच ऐकले असेल. पण त्यांचे धाकटे भाऊ नासिर खान तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

हे कुटुंब मूळचे पेशावरचे. वडील लाला गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी होते. पुढे ते सर्व मुंबईस आले. काही काळ नाशिकजवळच्या देवळालीतही राहिले. यूसुफ चित्रपटात गेले, तेव्हा देविकाराणी यांनी त्यांना ‘दिलीपकुमार’ हे नाव दिले. नासिर मात्र स्वतःच्याच नावाने पडद्यावर आले. १९४५ साली त्यांचा ‘मजदूर’ आला. १९४७ चा ‘शहनाई’ तर खूप गाजला.

फाळणीनंतर ते लाहोरला गेले. तेथे १९४८ साली ‘तेरी याद’ प्रदर्शित झाला. पाकिस्तानात तयार झालेला हा पहिला बोलपट आणि त्याचे नायक नासिर खान! हा मान त्यांच्या भावाकडेही नाही. पण चित्रपट चालला नाही. नासिर मुंबईस परतले आणि १९५१ च्या ‘नगीना’मध्ये नूतनबरोबर नायक झाले.

मग ते मागे का पडले? अभिनय वाईट होता म्हणून नव्हे. चेहरा भावासारखा, बोलणेही तसेच मृदू. अस्सल माणूस समोर असताना त्याच्यासारखा दुसरा कोण पाहणार? नासिर यांच्या वाट्याला आलेली ही तुलना मला अन्यायाची वाटते.

१९६१ साली दिलीपकुमार यांनी ‘गंगा जमना’ काढला. त्यात हे दोघे भाऊच झाले. थोरला गंगा कष्ट करून जमनाला शिकवतो. पुढे गंगा डाकू होतो, जमना पोलीस अधिकारी. शेवटी कर्तव्य म्हणून जमनाला भावावरच गोळी झाडावी लागते. लोक गंगासाठी रडले. परंतु समोर जमना तितकाच खरा नसता, तर ते रडू आले असते का? हा चित्रपट पाहाल, तेव्हा गोळी झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही पाहा.

उर्दूत आपण ‘बड़े भाई का साया’ म्हणतो, तेव्हा त्यात आधारही असतो. मराठी ‘सावली’चेही तसेच आहे. उन्हात ती हवीशी वाटते, पण तिच्यात लावलेले रोप फारसे वाढत नाही. नासिर यांना दोन्ही मिळाले.

१९७४ साली त्यांचे निधन झाले. १९७६ साली ‘बैराग’ प्रदर्शित झाला. त्यात दिलीपकुमार यांच्या तीन भूमिका होत्या आणि नासिर खान यांची एक, शेवटची.