आवाळूच असेल!

मराठीत अंगावर उठणाऱ्या गोष्टींना नावांची कमी नाही. पुवाने भरून ठणकणारे ते गळू, आपटल्यावर येणारे ते टेंगूळ, खरबरीत दाण्यासारखी ती चामखीळ, आणि न दुखता-खुपता वर्षानुवर्षे एका जागी मुक्काम ठोकून राहणारे ते आवाळू. मांडीवर बसलेल्या पॉमेरियनला किंवा शिह त्झूला कुरवाळताना केसांखाली बोटाला काहीतरी लागते, तेव्हा घरातला प्रत्येकजण याच यादीतून एक नाव उचलतो आणि एकमत बहुधा शेवटच्या नावावर होते. आवाळूच असेल! खात्रीसाठी गाठ दोन बोटांत धरून हलवली जाते. ती हलते, कुत्रे कुरकुरत नाही, विषय मिटतो. हा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो, कारण कुत्र्यांच्या कातडीवरच्या निम्म्याहून जास्त गाठी निरुपद्रवीच असतात. मात्र ते श्रेय बोटांच्या हुशारीचे नव्हे, निव्वळ संख्याबळाचे. न दुखणे आणि हलणे या दोन्ही कसोट्या इथे कुचकामी आहेत. कातडीचे कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाहीत, आणि कातडीतली गाठ, मग ती साधी असो वा वाईट, कातडीबरोबर हलणारच.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मास्ट सेल ट्यूमर. कुत्र्यांच्या कातडीवरच्या घातक गाठींमध्ये हा सर्वाधिक आढळतो, आणि पग, बॉक्सर, लॅब्रॅडोर अशा जातींत विशेष. त्याला ठरावीक रूप नाही. कधी तो लालसर पुळीसारखा असतो, कधी केस गेलेल्या चामखिळीसारखा, तर कधी कातडीखाली इतका मऊ की चरबीची गाठ समजून जाणत्यानेही फसावे. मास्ट पेशी निरोगी शरीरातही असतात. पाउल एर्लिख या जर्मन संशोधकाने १८७८ साली त्या रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखल्या आणि कणांनी गच्च भरलेल्या पाहून त्यांना खाऊन पुष्ट झालेल्या अशा अर्थाचे नाव दिले. त्या कणांत हिस्टामिन असते. अॅलर्जीत आपल्या अंगावर गांधी उठवते तेच. ही गाठ चोळली, दाबली की हिस्टामिन सुटते, गाठ फुगते, लाल होते आणि काही वेळाने पुन्हा बसते. घरच्यांची फसगत होते ती इथे. कॅन्सर वाढतच जातो अशी आपली समजूत. त्यामुळे कमी-जास्त होणारी गाठ म्हणजे किडा चावला असेल, आणि हळद लावल्यावर उतरली म्हणजे हळदीचा गुण. खरे तर हे कमी-जास्त होणेच संशयाचे आहे. रक्तात उतरलेल्या याच हिस्टामिनमुळे जठरात आम्ल वाढून व्रणही होतात. म्हणून अंगावर गाठ असलेले कुत्रे वारंवार ओकू लागले किंवा डांबरासारखी काळी शी करू लागले, तर पोटाचे औषध घेताना डॉक्टरांना गाठीचेही सांगायला हवे. याचा अर्थ प्रत्येक मास्ट सेल ट्यूमर जीवघेणा असतो असा नाही. पगमध्ये तो बऱ्याचदा सौम्य असतो, आणि सौम्य गाठ वेळेवर, पुरेशी रुंद काढली तर बहुतेकदा तिथेच संपते.

आता खरे आवाळू, ज्याला दवाखान्यात सिस्ट म्हणतात, ते काय असते? केस ज्या पिशवीतून उगवतो तिचे तोंड बंद होते, आतल्या अस्तराच्या झडणाऱ्या पेशींचे केराटिन बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि पिशवी फुगत जाते. सिबेशिअस सिस्ट हे नाव सर्रास घेतले जाते, पण कुत्र्यांतल्या अशा बहुतेक गाठींचा तेलग्रंथींशी संबंध नसतो. कापल्यावर आतून राखाडी-पांढरा, मऊ खव्यासारखा ऐवज निघतो. तो दाबून बाहेर काढण्याचा मोह फार जणांना होतो, आणि एकदा दाबून पाहिल्यावर गाठ सपाट झालेली दिसल्याने हुरूपही येतो. पण तोंडातून बाहेर आले तेवढेच डोळ्यांना दिसते. दाबताना पिशवीचे अस्तर आतल्या बाजूनेही फाटते, केराटिन आसपासच्या कातडीत शिरते आणि शरीर त्याच्याशी रुतलेल्या काट्याप्रमाणे वागू लागते. साध्या आवाळूचे गळू होते ते असे. शिवाय अस्तर जागेवरच असल्यामुळे पिशवी पुन्हा भरते. याहून धोक्याचे म्हणजे कपाटातले खाजेचे मलम. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, आणि कुत्रे ते चाटून पोटातही घेते. मास्ट सेल ट्यूमर आणि लिम्फोमा स्टेरॉइडने काही काळ आकसतात. मलमाने फरक पडला असे वाटते, महिना-दोन महिने जातात, आणि नंतर तपासायला घेतलेल्या पेशींचे चित्रही धूसर झालेले असते.

तेव्हा गाठ काढायची की ठेवायची हा मुळी पहिला प्रश्नच नव्हे. आत कोणत्या पेशी आहेत, हे आधी विचारावे. त्याचे उत्तर इंजेक्शनच्या साध्या बारीक सुईने मिळू शकते. माणसांच्या दवाखान्यात जिला एफएनएसी म्हणतात तीच ही तपासणी. भूल बहुधा लागत नाही. एकाने कुत्र्याचे डोके छातीशी धरून ठेवले की भागते. डॉक्टर गाठ दोन बोटांत पकडतात, सुई आत घालून जागच्या जागी दोन-चारदा मागेपुढे करतात, बाहेर काढतात आणि हवा भरलेली सिरिंज तिला जोडून सुईतला माल काचपट्टीवर उडवतात. थेंबसुद्धा नसतो तो, नुसता ओशट ठिपका. चरबीची गाठ असेल तर तो ठिपका वाळतच नाही, काचेवर तेलकट चकाकी तशीच राहते. सिस्ट असेल तर केराटिनचे पापुद्रे दिसतात. मास्ट सेल ट्यूमर असेल तर रंग दिल्यावर जांभळ्या कणांनी ठासलेल्या गोल पेशी दिसतात, आणि त्या एकदा पाहिलेला डॉक्टर विसरत नाही. तेलकट दिसले म्हणून काच न रंगवताच फेकून देणे मात्र बरे नाही. सुई गाठीला चुकवून शेजारच्या साध्या चरबीतही गेलेली असू शकते. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसला तरी वाळवलेली काचपट्टी लॅबला पाठवता येते. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूर आणि शिरवळलाही आहे, आणि पॅथॉलॉजी हा तिथला नेहमीचा विषय आहे.

सुईलाही मर्यादा आहेत. काही गाठींच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की सुईत काही येतच नाही. मग दुसऱ्यांदा टोचावे लागते किंवा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. गाठ मास्ट सेलची आहे एवढे सुई सांगते, पण ती किती जहाल आहे याची प्रतवारी तिच्यावरून पक्की ठरत नाही. एक आक्षेप मात्र नेहमीचा आणि जुना आहे: टोचल्याने कॅन्सर पसरतो. सुईच्या वाटेत पेशी रुजल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत, पण ती मुख्यतः मूत्राशयाच्या कॅन्सरची, पोटाच्या भिंतीतून सुई घातलेली. कातडीवरच्या गाठीत हा धोका नगण्य मानला जातो. ही भीती मनात धरून गाठ रोज दाबून पाहणे, हा त्याहून विचित्र व्यवहार.

लहान कुत्र्याच्या बाबतीत या सगळ्याला घाई का हवी, याचे कारण भूमितीत आहे. गोल गाठीचा व्यास दुप्पट झाला की तिचे आकारमान आठपट होते. 'थोडीशी वाढली' असे वाटते तेव्हा ती थोडीशी वाढलेली नसते. मास्ट सेल ट्यूमर काढताना पूर्वापार नियम असा की चहूबाजूंनी दोन ते तीन सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खाली स्नायूंवरचा एक पदर बरोबर काढायचा. सौम्य गाठींसाठी आता याहून कमी कातडी चालते असेही दिसून आले आहे, पण काही ना काही कडा हवीच. एक सेंटिमीटरच्या गाठीभोवती दोन सेंटिमीटरची कड धरली तर पाच सेंटिमीटरचे वर्तुळ होते. तीन सेंटिमीटरच्या गाठीला सात. लॅब्रॅडोरच्या कुशीत सात सेंटिमीटर कातडी सहज सरकून टाके बसतात. चार किलोच्या कुत्र्याच्या पुढच्या पायावर किंवा डोळ्याशेजारी एवढी कातडी आणायची कुठून? मग कातडीचे ठिगळ, उघडी ठेवलेली जखम, क्वचित पायच काढण्याची वेळ. जी गाठ मोठ्या कुत्र्यात दोन महिन्यांनी काढली तरी चालली असती, तिला लहान कुत्र्यात सवड नसते.

मग सुईबिई कशाला, दिसली की काढून टाका, दोनदा खर्च कशाला, असे म्हणणारेही असतात. वरकरणी हे व्यवहारी वाटते. पण गाठ चरबीची किंवा चामखिळीसारखी असेल तर ऑपरेशनची गरजच नव्हती. पूडल, कॉकर स्पॅनियल, शिह त्झू यांना म्हातारपणी तेलग्रंथींचे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दाणे अंगभर येतात. ते एकेक कापत बसले तर कुत्र्याचे उरलेले आयुष्य टाके काढण्यात जायचे. उलट गाठ वाईट असेल आणि आवाळू समजून नुसती सोलून काढली, तर कडेला पेशी राहतात, गाठ परत येते, आणि दुसऱ्या ऑपरेशनला कातडी आणखी कमी उरते. पहिली संधी सर्वांत चांगली असते, आणि ती नाव माहीत नसताना वापरणे म्हणजे उधळणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: कुत्रे म्हातारे आहे, भूल सोसणार नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ९८,००० कुत्र्यांची भूल आणि गुंगीची प्रकरणे तपासून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी कुत्र्यांत साधारण १,८५० पैकी एक भुलीमुळे दगावले, आणि आधीच आजारी असलेल्यांत ७५ पैकी एक. पाच किलोखालच्या कुत्र्यांत धोका जास्त दिसला. त्यांचे अंग लवकर थंड पडते, साखर लवकर उतरते. आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्याला हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. तरी त्यांतला फरक विचारात घ्यावा असा आहे: भुलीचा धोका वयापेक्षा आजाराने फार चढतो. भीतीपोटी वर्षभर थांबून, गाठ फुटून वाहू लागल्यावर भूल देणे हा भीतीवरचा उपाय होत नाही. आणि वयाचा मुद्दा सुईला तर लागूच नाही. पंधरा वर्षांच्या कुत्र्याची गाठ चरबीची आहे एवढे कळले, तरी तिला तिच्या जागी सुखाने राहू देता येते.

थांबणे योग्य असते अशाही गाठी आहेत. तीन वर्षांखालच्या कुत्र्याच्या कानावर किंवा पायावर शर्टाच्या बटणासारखी लालबुंद गाठ येते, ती बहुतेकदा हिस्टिओसायटोमा असते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. पिलांच्या ओठांवरच्या विषाणूजन्य चामखिळींचेही तसेच. होमिओपॅथीतल्या थुजाच्या गोळ्यांना याच चामखिळींनी आयते यश मिळवून दिले आहे. रेबीजच्या लशीनंतर खांद्याजवळ येणारी गुठळी काही आठवड्यांत जाते. पावसाळ्यात जी 'नवी गाठ' सापडते तिला कधीकधी पाय असतात, ती गोचीड असते. आणि जिला गोचीड समजून चिमट्याने ओढतात ते कधीकधी स्तनाग्र असते. नर कुत्र्यालाही पोटावर दोन ओळींत ती असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाटाण्याहून मोठी गाठ महिनाभर टिकली की तपासायची, असा नियम कॅन्सरवर काम करणारे काही पशुवैद्य सांगतात. तोवर दाबून पाहण्यापेक्षा शेजारी रुपयाचे नाणे धरून दर आठवड्याला फोटो काढलेला बरा. मादीच्या स्तनांतल्या गाठींना हा नियम नाही. तिथे सुईचा निष्कर्ष कमी भरवशाचा असतो आणि घातक गाठींचे प्रमाण मोठे, म्हणून गाठ लहान असतानाच काढण्याकडे कल असतो.

ऑपरेशन झालेच, तर मागून घ्यायची गोष्ट म्हणजे ती गाठ. बऱ्याच ठिकाणी ती कचऱ्याच्या पिशवीत जाते, कारण 'निघाली ना, झाले'. ती अख्खीच्या अख्खी रुंद तोंडाच्या बाटलीत, तिच्या दहापट दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवून लॅबला जायला हवी. डॉक्टरांनी एका कडेला टाका घालून खूण केली असेल तर आणखी चांगले. आठवड्याभरात येणाऱ्या कागदावर गाठीचे नाव असते, मास्ट सेलची असेल तर प्रत असते, आणि खाली एक ओळ असते: कडा मोकळ्या आहेत की नाहीत. खूण केलेली असेल तर पेशी कोणत्या बाजूला राहून गेल्या, हेही त्याच ओळीत वाचायला मिळते.