गंजलेली मोटार आणि दुखणारे डोके

आमच्या परिसरातील एक निवृत्त अभियंते गेली दोन वर्षे आपल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये एक जुनी मोटार दुरुस्त करीत आहेत. वय ७२, उच्च रक्तदाबासाठी चालू असलेल्या गोळ्या आणि पाच वर्षांपूर्वी हृदयात बसवलेला एक स्टेंट, एवढा त्यांचा वैद्यकीय इतिहास. मोटारीचा इतिहास त्याहून रंजक आहे. ‘एमजी टीडी’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९५० ते १९५३ या काळात तयार होत असे. १२५० सीसीचे इंजिन, दोन कार्बुरेटर आणि लाकडी सांगाड्यावर बसवलेला पोलादी पत्रा, अशी तिची घडण. वडिलांनी हौसेने घेतलेली ही गाडी तीस पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. पत्रा गंजाने खाल्ला होता, आतले लाकूड ओलीने कुजले होते.

निवृत्तीनंतर काकांनी ती उघडली. एकेक भाग सोडवून, त्यावर चिठ्ठी बांधून, वहीत नोंद करून त्यांनी कामाला आरंभ केला. त्यांचे उदाहरण मी येथे त्यांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून सांगत आहे. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे.

गेल्या वर्षी जुलैच्या मध्यावर काका दवाखान्यात आले. डोके दुखते, मळमळते, संध्याकाळी फार थकवा येतो, अशी तक्रार होती. रक्तदाब थोडा वाढलेला होता. हृदयाचा आलेख पूर्वीसारखाच होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ९८ टक्के. दिवसभर वाकून काम केल्याने मानेवर ताण येत असावा, असा निष्कर्ष काढून मी रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढवली आणि त्यांना परत पाठवले.

दहा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा सोबत काकू होत्या. तक्रारी कायम होत्या. मी पुढची गोळी लिहिण्याच्या बेतात असताना काकू सहज म्हणाल्या, “रविवारी आम्ही लेकीकडे होतो, तर यांचं डोकं अजिबात दुखलं नाही. आणि खरं सांगू का डॉक्टर, आजकाल दुपारी माझंही डोकं जड होतं. वयच झालं म्हणायचं.”

माझा पेन थांबला. एकाच घरातील दोन माणसांची डोकी एकाच वेळी दुखावीत आणि घराबाहेर पडताच थांबावीत, हे वयाचे लक्षण नव्हे. मी गॅरेजविषयी विचारले. दोन कार्बुरेटर एकमेकांशी जुळवायचे, तर इंजिन बराच वेळ चालू ठेवावे लागते. पावसाची झड नव्या प्रायमरवर येऊ नये म्हणून काका शटर जवळजवळ पूर्ण खाली ओढत. गॅरेजचा आतला दरवाजा उघडत होता तो थेट स्वयंपाकघरात. त्या दुपारीही इंजिन तासभर चालले होते.

दोघांना मी तत्काळ रुग्णालयात पाठवले. रक्ताच्या विशेष तपासणीत कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण काकांमध्ये १६ टक्के, तर काकूंमध्ये ११ टक्के निघाले. मास्कने प्राणवायू दिल्यावर दोघेही बरे झाले. शटर आणखी वीतभर खाली असते, तर ही कथा मला निराळ्या रीतीने सांगावी लागली असती.

न दिसणारा वायू

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर अशा हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्तच समजतो. म्हणून पडद्यावरचा ‘९८’ हा आकडा येथे फसवा असतो. त्याने मला फसवले. शुद्ध हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात, तर मास्कने पूर्ण प्राणवायू दिल्यास साधारण एक ते दीड तास. हृदयविकार असणाऱ्यांना कमी प्रमाणही घातक ठरू शकते. जुन्या गाड्यांच्या धुराड्यात या वायूचे प्रमाण घटवणारी व्यवस्था नसते, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांच्या घरी मोटार नाही, त्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. बंदिस्त न्हाणीघरातला गॅस गीझर, खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, बाल्कनीत ठेवलेला जनरेटर यांतूनही हाच वायू निघतो. घरातल्या दोघांना एकदम डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवली, तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना ‘घरात काय जळत होते’ हे आवर्जून सांगावे.

छंद सोडावा काय?

परदेशातील मुलाचा फोन आला, “बाबांना सांगा, ती गाडी भंगारात द्या.” मलाही ते क्षणभर पटले. काकूंनी मात्र ठामपणे नकार दिला. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष त्यांनी पाहिले होते. काका दुपारी दोन वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहत, वर्तमानपत्रही उघडत नसत. “गाडी गेली, तर हे पुन्हा त्या खुर्चीत बसतील. ते दुखणं तुमच्या कोणत्या मशीनवर दिसणार आहे?” असे त्या म्हणाल्या.

मग आम्ही तिघांनी बसून नियम ठरवले. घरातील ज्येष्ठांना असा छंद असेल, तर तेही उपयोगी पडतील.

इंजिन सुरू करायचे ते गाडी अंगणात ढकलून आणल्यावरच. नुसते शटर उघडणे पुरेसे नाही. गाडी ढकलण्याचे काम शेजारच्या तरुणांचे. स्टेंट असलेल्या माणसाचे नव्हे.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये; भक्कम लोखंडी स्टँड हवेतच. उताणे पडून मान मागे टाकल्याने अनेकांना भोवळ येते, आणि रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास अंधारी येते. म्हणून आधी बसावे, मग उभे राहावे.

जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते, आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस. पाणी लावून घासावे, योग्य मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. हार्डनर मिसळून फवारण्याचा रंग दम्याला निमंत्रण देतो, तो कारागिराकडून लावून घ्यावा. वेल्डिंगही त्याच्याकडेच सोपवावे. पेसमेकर असणाऱ्यांनी तर त्यापासून दूरच राहावे.

धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतील जंतूंमुळे होतो. पण गंजका पत्रा त्वचा फाडतो आणि जंतूंना वाट देतो. दर दहा वर्षांनी लस घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास जाड हातमोजे हवेत. दहा मिनिटे घट्ट दाबूनही रक्त थांबले नाही, तर रुग्णालय गाठावे. मात्र अशा जखमेच्या भीतीने ती गोळी स्वतःहून बंद करू नये. हात पेट्रोलने धुऊ नयेत.

काकांची गाडी अद्याप पूर्ण झालेली नाही. डाव्या दरवाज्याचे लाकूड नव्याने घडवायचे आहे, रंग बाकी आहे. परवा मी सहज डोकावलो, तेव्हा गाडी अंगणात उभी होती आणि इंजिन मंद चालले होते. काकू पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. गॅरेजपासून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या दरवाज्याची किल्ली हल्ली त्यांच्याच कमरेला असते.