विश्लेषण : आजोबांच्या लाकडी रंध्यावर कारागिराचे नाव का नसते? आणि तो दुरुस्त करताना काय जपायचे?

जुन्या घराचा माळा साफ करताना सुतारकामाची पेटी निघाली, की तिच्यातल्या लाकडी रंध्याचे दोनपैकी एक होते. तो भंगारात जातो, नाहीतर घरातले कुणीतरी हौसेने पॉलिश पेपर घेऊन तो घासते, वर चकचकीत वॉर्निश मारते आणि दिवाणखान्यात ठेवते. दुसऱ्या प्रकारात रंधा वाचतो, पण तो कुणी केला, कुणी वापरला हे सांगणाऱ्या खुणा पहिल्या दहा मिनिटांतच निघून जातात.

रंधा चालतो कसा?

लाकडाचा ठोकळा, त्यात तिरके बसवलेले पोलादी पाते आणि ते घट्ट धरणारी लाकडी पाचर. मुख्य भाग एवढेच, एकही स्क्रू नाही. पाते साधारण ४५ अंशांत बसते आणि तळाच्या फटीतून, म्हणजे रंध्याच्या तोंडातून, केसभर बाहेर डोकावते. तोंडापुढचा तळ लाकडाचे तंतू दाबून धरतो, म्हणून पाते खोल न घुसता पातळ छिलका काढते. इंजिनीअरिंगच्या वर्कशॉपमध्ये घाम गाळलेल्यांना हे आठवत असेल.

शब्द फारसी ‘रंदा’वरून आला. तुर्कस्तानात याच शब्दाने किसणीही ओळखतात, आणि काम पाहिले तर ते पटतेही. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हा दख्खनच्या दरबारांत फारसीचा वावर होता. शब्द फारसी म्हणून अवजारही तेव्हाच आले, असे मात्र नाही. रंधा फार जुना आहे, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या पोम्पेई शहरातही तो सापडला आहे.

विलायती रंध्यावर नाव असते, ते का?

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस रंधे बनवणे हा स्वतंत्र धंदा झाला. लंडनचा थॉमस ग्रॅनफर्ड आणि त्याच्याकडे शिकलेला रॉबर्ट वुडिंग ही त्यातली सुरुवातीची नावे. हे कारागीर बीच लाकडाच्या ठोकळ्याच्या पुढच्या टोकावर आपल्या नावाचा शिक्का ठोकत. या शिक्क्यांवरून रंध्याचा काळ ठरवता येतो. डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ मध्ये अशा ब्रिटिश कारागिरांची यादीच पुस्तकरूपाने काढली.

यातली सर्वांत विलक्षण कहाणी अमेरिकेतली आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या रेन्थम गावी फ्रान्सिस निकोल्सन हा रंधे बनवणारा होता आणि सीझर चेलर हा कृष्णवर्णीय कारागीर त्याचा गुलाम. १७५३ मध्ये निकोल्सन वारला. मृत्युपत्रानुसार चेलरला स्वातंत्र्य, हत्यारे आणि १० एकर जमीन मिळाली. त्यानंतर त्याने केलेल्या रंध्यांवर त्याच्या स्वतःच्या नावाचा आणि गावाचा शिक्का आहे. कालपर्यंत जो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता, त्याचे नाव आज संग्राहक भिंग लावून शोधतात.

मग आपल्याकडे का नाही?

आपल्याकडचा गावचा सुतार बलुतेदार होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. नांगर, तिफण, गाडा यांचे काम वर्षभर करायचे आणि सुगीला धान्य घ्यायचे. असा सुतार रंध्याचा ठोकळा अनेकदा स्वतःच घडवी आणि पाते लोहाराकडून करून घेई. रंधा विकायचाच नव्हता, तर शिक्का कुणासाठी? नाव लागते ते अनोळखी गिऱ्हाइकासाठी. गावात सगळे ओळखीचेच. अर्थात, याची दुसरी बाजूही आहे : ओळखणारी पिढी गेली की कारागीर कायमचा निनावी होतो.

आपल्या जिल्ह्यातच याचा एक भव्य नमुना आहे. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात, कारण दगडी छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. लेणे बौद्ध, पण तिथल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार दर्शनाला येत, याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. कोरणाऱ्याचे नाव तिथेही नाही.

त्यामुळे आपल्या रंध्याचा इतिहास शिक्क्यात नसून झिजेत असतो. अंगठा टेकून पडलेला खळगा, बाजूला कोरलेले आद्याक्षर, तोंडापुढे बसवलेले लाकडी ठिगळ. तळ झिजला की तोंड रुंद होते आणि रंधा लाकूड ओरबाडतो. म्हणून जुने कारीगर तिथे कठीण लाकडाचा तुकडा बसवत. हे ठिगळ म्हणजे दोष समजून काढू नका.

पात्यावर मात्र नाव सापडू शकते. ‘शेफील्ड’ आणि ‘कास्ट स्टील’ असा इंग्रजी शिक्का असेल, तर ते पाते विलायतेतून आलेले. हे मुशीतले पोलाद शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात बनवायला सुरुवात केली. गंमत अशी, की मुशीत पोलाद करण्याची कला निजामाबादकडच्या कोनासमुद्रममध्ये होतीच, आणि १९४८ पर्यंत आपले शहर व ते गाव एकाच हैदराबाद संस्थानात होते.

दुरुस्ती कशी करायची?

आधी चारही बाजूंचे, दोन्ही टोकांचे फोटो काढा. टॉर्च आडवा धरला की पुसट अक्षरे उठून दिसतात. मग कोरडा ब्रश आणि फडके. पाण्याने धुऊ नका, लाकूड फुगून तडकते.

पाचर अडकली असेल तर तिच्यावर हातोडी मारू नका. लहान रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोड्याने टोला द्या. ठोकळा पुढे सरकतो, पाते आणि पाचर जडत्वामुळे मागे राहतात आणि पकड सुटते. लांब रंध्यात हा टोला वरून, पुढच्या टोकाजवळ देतात.

पात्याचा गंज तेल लावून बारीक स्टील वूलने काढा. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवायचा सल्ला व्हिडिओंत सर्रास दिसतो, पण आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते आणि शिक्का पुसट होतो. ग्राइंडरवर धार लावताना पाते निळे पडले, तर तिथले पाणी उतरले समजा. जुन्या पात्यात बरेचदा पोलाद फक्त टोकाला जोडलेले असते, बाकी मऊ लोखंड. ते टोक संपले की पाते संपले. धार २५ ते ३० अंशांत, दगडावर, सावकाश लावा.

तळ सपाट करायचाच असेल तर पाते किंचित आत ओढून, पाचर ठोकलेली ठेवूनच करा. पाचरीच्या ताणाने ठोकळ्याचा आकार सूक्ष्म बदलतो; ती काढून सपाट केलेला तळ ती ठोकताच पुन्हा वाकडा.

शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात, वॉर्निश नको. आणि तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडके दोरीवर मोकळे पसरून वाळवा, मगच कचऱ्यात टाका.